दारावरचा दोर

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "रफिकभाई, दुकानातल्या गमती लिहा. मासे पकडणारी माणसं म्हणजे थापाडी जात. वाचणाऱ्याला मजा येईल." गमती आहेतच. जन्मभर गळ, तंगूस, जाळी आणि दोर विकल्यावर गमती नसतील तर त्या दुकानात बसून काय केलं म्हणायचं? पण दुकान मी मागच्या पावसाळ्यात बंद केलं. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांनीही दुकानात बसता येतं. तेव्हा गमती आधी सांगतो, आणि मग जे सांगायचं आहे ते सांगतो. नुसत्या गमती दिल्या तर तो दारावरचा माल होईल. दारावरचा माल म्हणजे काय, ते पुढे कळेल.

दुकान नांदुऱ्यात, बाजारलाइनीत. अब्बांनी ते टाकलं तेव्हा त्यात बैलांची दावी, कासरे आणि विहिरीचे दोर असायचे. पुढे विहिरींवर मोटारी बसल्या आणि बैलं कमी झाली. अब्बांनी डोकं चालवलं. पूर्णेकाठचे भोई आणि धरणावरचे मासेमार जाळ्यासाठी लांब जातात, तर तोच माल आपण ठेवू म्हणाले. आमच्या घरात कोणी कधी मासा धरला नव्हता. पण कोणत्या माशाला कोणता गळ हे अब्बा भोयांकडूनच शिकले आणि मग नवख्यांना शिकवू लागले. मीही तसाच शिकलो. गिऱ्हाइकानंच मला दुकानदार केलं.

बाहेरच्या माणसाला या धंद्यात पहिली अडचण येते ती गळाच्या नंबराची. नंबर उलटा चालतो. नंबर जेवढा मोठा, गळ तेवढा बारीक. वडनेर भोलजीचे एक हेडमास्तर होते, गणिताचे. रिटायर झाल्यावर त्यांना माशाचा नाद लागला. त्यांना हा उलटा नंबर शेवटपर्यंत पटला नाही. दर वेळी मोठ्या माशासाठी मोठा नंबर मागायचे आणि मी हातावर डासाएवढा गळ ठेवला की चिडायचे.

"ही पद्धत चूक आहे. कुणी ठरवली?"

"मास्तर, मी नाई ठरवली. मी फक्त विकून राह्यलो."

"मग तुम्ही तरी दुरुस्त करा."

शेवटी मी त्यांच्यासाठी एक डबी वेगळी केली आणि तिच्यावर माझ्या हातानं सरळ नंबर टाकले. मास्तर खूश. मासे मात्र त्यांना तेच मिळायचे, बोटाएवढे.

दुसरी गोष्ट तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोरीची. नवखा माणूस सगळ्यात जाड मागतो, का तर तुटू नये. पण जाड तंगूस रोहूला पाण्यात दिसतो, आणि तो आमिषाजवळ येऊन माघारी जातो. कणीक-पेंडीचा गोळा, बारीक गळ, बारीक तंगूस, ही रोहूची तयारी. मरळीचं उलटं. मरळ शेवाळात दबा धरून बसते, झडप घालते आणि पुन्हा शेवाळातच घुसते. तिथं बारीक तंगूस घेऊन गेलात तर मासाही जातो आणि गळही. कोणतं सामान चांगलं असं कुणी विचारलं की मी आधी विचारायचो, कोणता मासा आणि कोणतं पाणी? एवढ्या दोन प्रश्नांवर माझं दुकान चाललं.

आता शाळीग्राम. तो जातीनं भोई, राहायला धरणाच्या खालच्या वस्तीत. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. मला रफिकभाऊ म्हणायचा. खरेदी काही नसली तरी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि गिऱ्हाइकांना फुकट सल्ले द्यायचा. ते सल्ले माझ्यापेक्षा चांगले असायचे, म्हणून मी बोलू द्यायचो.

एका दिवाळीत आमच्या गल्लीतल्या एका घरचा जावई आला. पुण्याला कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याच्याकडे मासेमारीची एक पेटी होती. उघडली की तिचे तीन मजले पायऱ्यांसारखे वर यायचे. प्रत्येक मजल्यात खाने, आणि खान्यांत रबरी बेडूक, रबरी गांडुळं, चमचमत्या पत्र्याचे मासे. सगळं रंगाप्रमाणे आणि मापाप्रमाणे लावलेलं. त्यानं मला विचारलं, इथं बास कुठं मिळतो?

"साहेब, बास काई आपल्याकडं नाई. ते अमेरिकेत. आपल्याकडं मरळ आहे. सोभाव तोच, शेवाळात बसायचा अन् झडप घालायचा."

शाळीग्राम पायरीवरून उठून आला. त्यानं त्या पेटीतला हिरवा रबरी बेडूक उचलला, पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले.

"साहेब, याच्या घरचे कुठी राह्यतात?"

जावई हसला. शाळीग्रामनं मग त्याच्या चरखीवरचा बारीक तंगूस बोटात धरून पाहिला, नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडून जाड तंगूस त्याला घ्यायला लावला. दुसऱ्या दिवशी जावयाला त्याच रबरी बेडकावर मरळ लागली, हातभर. शाळीग्राम पुढे कित्येक दिवस सांगत होता की मरळ रबरावर भुलायला लागली, आता तिचं काही खरं नाही.

गमती इथं संपल्या. त्या पेटीनं माझं डोकं फिरवलं.

त्यासाठी आधी अब्बांची रीत सांगावी लागेल. अब्बांच्या दुकानात माल मापानं लावलेला नसायचा. तो वयानं लावलेला असायचा. नवा आलेला माल सगळ्यात आत, अंधारात, पोत्याखाली. जुना होत जाईल तसा दाराकडे सरकायचा आणि आधी विकला जायचा. आणि दारावर चार खुंट्या होत्या. एकीला दोराचं भेंडोळं, एकीला जाळं, एकीला तंगूस, एकीला कासरा. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं की इथं काय मिळतं, म्हणून. तो दारावरचा माल. तो विकायचा नाही, हा अब्बांचा नियम. आपल्याकडचं ऊन म्हणजे मस्करी नाही. नायलॉन आणि प्लास्टिकचा दोर वर्षभर उन्हात लटकला की वरून साबूत दिसतो, रंगही टिकतो, पण आतून मरतो. मेलेल्या दोरावरून हात फिरवला की तळहाताला पांढरी भुकटी लागते. हीच त्याची खूण. आणि पक्की खात्री करायची तर पीळ उकलून आतला धागा पाहायचा.

मृग लागायच्या आधी अब्बा दारावरचा माल उतरवायचे आणि त्याचे हातभर लांबीचे तुकडे करायचे. तुरीच्या काड्यांचे भारे बांधायला लोक ते घेऊन जायचे. मी एकदा विचारलं होतं, अख्खाच देऊन टाका ना कुणाला, कापायचे कष्ट कशाला? अब्बा म्हणाले, "अख्खा दिला तर कोणी ना कोणी त्याले लटकीन."

अब्बा गेले. काही वर्षांनी ती पेटी पाहिली आणि मला आमचं दुकान म्हणजे भंगाराचं गोदाम वाटायला लागलं. सुताराला बोलावून रॅक करून घेतले. गळांना प्लास्टिकचे खाने केले, नंबरवार. तंगूस जाडीप्रमाणे लावला. दोरांसाठी खालचा रॅक, त्याला सहा घरं, प्रत्येक घरावर चिठ्ठी, सहा एमएम, आठ, दहा, बारा. सगळा माल एकाच दिवशी बाहेर काढला आणि त्यावरची धूळ मशीनच्या तेलाच्या फडक्यानं पुसली. माल चकाकायला लागला. मी इतका खूश कधीच नव्हतो.

दारावरचा मालही त्या दिवशीच उतरवला होता. त्यात बारा एमएमचं हिरवं भेंडोळं होतं, एक वावही न कापलेलं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं माप, आमच्या धंद्यात दोर त्यानंच मोजतात. तेही तेलाच्या फडक्यानं पुसलं गेलं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गडबडीत कापायचं विसरलो. तसं नाही. बारा एमएमच्या घरात तेव्हा माल नव्हता. सहापैकी एक घर रिकामं दिसत होतं आणि मला फोटो काढून सगळ्यांना मोबाइलवर पाठवायचा होता. फोटोपुरतं ठेवू, उद्या कापू, असं मनाशी म्हणून मी ते तिथं ठेवलं. फोटोला वाहवा मिळाली. वाहवा मोजण्यात उद्या निघून गेला. पुढच्या आठवड्यात बारा एमएमचा नवा माल आला आणि तो मी त्याच्याच मागे लावला.

श्रावणात शाळीग्राम आला. वर पाऊस जोरात होता आणि धरणाचे दरवाजे उघडले होते. दरवाजे उघडले की खालच्या डोहात मासा गोळा होतो. तिथं जायला बंदी असते, पण मासेमाराची वर्षभराची आशा त्या चार दिवसांवर असते. शाळीग्रामची रीत ठरलेली. ट्रकची हवा भरलेली ट्यूब, वर बाजेसारखी वीण, त्यावर बसायचं. दोराचं एक टोक काठच्या बाभळीला, दुसरं ट्यूबला. धारेबरोबर दोर सोडत खाली जायचं, जाळं टाकत जायचं आणि काम झालं की तोच दोर ओढत काठाला यायचं. परत यायला दुसरा रस्ता नाही.

"बाराचा दे रफिकभाऊ. वीस वाव."

मी रॅक दाखवला. म्हटलं, पाह्य, कसं केलं. तो खाली वाकला, चिठ्ठ्यांवरून नजर फिरवली. मग बाराच्या घरातून पुढचं भेंडोळं मीच ओढलं. त्यानं नेहमीप्रमाणे दोरावरून हात फिरवला आणि तळहात उजेडात धरून पाहिला. तळहात साफ होता. भुकटी मी पुसून टाकली होती.

"वा," तो म्हणाला. "आता तुह्या दुकानात हात फिरवायचीबी गरज नाई."

मी हात पसरून वीस वाव मोजले. मोजताना दोर हाताला जरा कोरडा लागला. लागला होता, हे मी आज लिहून ठेवतो. मी म्हटलं, दुसऱ्या कंपनीचा असेल. पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी निरोप आला की शाळीग्राम वाहून गेला. ट्यूब आधी सापडली, खालच्या पुलाला अडकलेली. तो त्यानंतर सापडला. मी गेलो तेव्हा काठावर माणसं उभी होती, पोलीस पंचनामा लिहीत होते आणि बाभळीला दोराचं टोक बांधलेलं होतं. वाव-दीड वाव. मी जवळ जाऊन ते हातात घेतलं. धड दोर तुटताना ताणतो, त्याचे धागे लांब निघतात. हा गाजर मोडावं तसा मोडला होता. मी पीळ उकलला. आतून पांढरा होता.

मला तिथंच सगळं आठवलं. खुंटी, फडकं, फोटो.

पोलिसानं विचारलं, "दोर तुमच्याकडचा का?"

"माझाच," मी म्हटलं. "पण साहेब, एवढ्या पाण्यापुढं कोणता दोर टिकते?"

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, रफिकभाई बरोबर बोलले. शाळीग्रामची बायको सुमन तिथंच चिखलात बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे पाहायला लागली. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य ते, आणि ते मी किती सहज बोललो याची मला आजही किळस येते.

घरी येऊन राहिलेलं हिरवं भेंडोळं काढलं आणि दुकानाचं दार लावून हातभर लांबीचे तुकडे करत बसलो. दुसऱ्या दिवशी बाभळीचा तो तुकडा काढून आणायला गेलो. खोटं कशाला सांगू, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणूनच गेलो. पण तो तिथं नव्हता. पोलिसांनी नेला असेल किंवा एखाद्या गुराख्यानं सोडला असेल, असं धरून चाललो. रॅकवरच्या चिठ्ठ्या काढल्या. माल पुन्हा अब्बांच्या रीतीनं लावला, नवा आत, जुना दाराशी. लोक विचारायचे, चांगली व्यवस्था होती, काऊन मोडली? मी म्हणायचो, उंदीर झाले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी सुमन दुकानात आली. आधी ती फक्त बाजारात मासे विकायला बसायची. आता म्हणाली, जाळं टाकायला मीच जाते, दीर काठावर उभा राह्यतो. वीस वाव दोर पाहिजे होता. मी सगळ्यात आतला, आदल्या आठवड्यात आलेला दोर काढला. तिनं त्यावरून हात फिरवला नाही. केसातली पिन काढली, दोराचा पीळ उकलला आणि आतला धागा उजेडात धरून पाहिला. मग पुढचा वाव, पुन्हा पिन. वीसही वाव तिनं तसे पाहिले.

शाळीग्राम असं कधी पाहायचा नाही. तो तळहातावर भिस्त ठेवायचा. पीळ उकलून पाहणारा माणूस आमच्या दुकानात अब्बांनंतर मीच. हिला हे कुणी शिकवलं? मी स्वतःला म्हटलं, कुठंतरी पाहिलं असेल. माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

त्यानंतर दर वर्षी ती यायची. दर वर्षी पिन काढायची. एका वर्षी मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात धाड गावाहून जाळ्याचं एक गिऱ्हाईक आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ती येणार म्हणून आठ-आठ दिवस मला झोप नसायची. ती येऊन गेली की वर्ष मोकळं. शेवटी मी ठरवलं की बस झालं, दुकानच बंद करू. दुकान नसलं तर तिला इथं यायचं कारण राहणार नाही. ही माझी अक्कल.

मागच्या पावसाळ्यात उरलेला माल काढत असताना ती आली. दारावरच्या चारही खुंट्या मोकळ्या होत्या. मी वीस वाव मोजायला दोर घेतला, आणि म्हटलं, आज नाही तर कधीच नाही.

"वहिनी, एक सांगायचं राह्यलं."

"त्या दोराचं का?" तिनं वर न पाहता विचारलं.

माझे हात थांबले. "तुम्हाले ठाव होतं?"

"बाभळीचा तुकडा म्याच सोडून नेला. घरी उकलून पाह्यला. आतून चुन्यावानी झालता." ती केसातली पिन काढत होती. "माह्याकडंच आहे तो, फेकला नाई."

"मग इतके साल अठीच काऊन येऊन राह्यल्या? दुसरीकडं जाता आलं असतं."

"दुसरीकडं कुठी? दुसऱ्याच्या दोरानं अजून कोणी मेलं नाई. तो काऊन पाहून देईन? तुमच्या दोरानं मेलं. तुम्ही पाहूनच देसान, एवढं मले ठाव होतं."

मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एकच निघालं, मला माफ करा म्हणून.

"ते माह्याजवळ नाई," ती म्हणाली. "ते तुमचं तुम्ही पाहा. तुम्ही दुकान बंद करून राह्यले, तर मी आता कोणाचा दोर घेऊ, तेवढं सांगा."

तिच्या नजरेतून सुटावं म्हणून मी दुकान बंद करत होतो, आणि एवढ्या वर्षांत तिला माझ्याकडून हवी होती ती एवढीच गोष्ट होती, वीस वाव पाहून दिलेला दोर. तीही मी बंद करून बसलो होतो.

मी हात पसरले आणि मोजायला लागलो. तिनं एकेक वाव ओढून घेत पिनेनं पीळ उकलून पाहिला. वीस झाले, तिनं दोर डोक्यावर घेतला आणि बसस्टँडकडे गेली.

माझ्या अंदाजानं तो दोर दोन पावसाळे जाईल. त्यानंतर तिला कुणाकडे जा म्हणू, ते मला अजून सुचलेलं नाही.